भाषणाची पैठणी

तिसगावच्या महिला मेळाव्यात रतनबाईंचं भाषण म्हणजे टाळ्या ठरलेल्या. बचत गटाच्या अध्यक्ष त्या, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव हा त्यांचा आवडता विषय. "बापाच्या जमिनीत आपला बी वाटा हाय. भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं म्हनून लगेच सही ठोकायची न्हाई," असं त्यांनी आजही ठणकावून सांगितलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासुद्धा माना डोलवत होत्या.

स्टेजवरून उतरल्या तर बायकांनी त्यांना गराडाच घातला. आता शंका विचारतील म्हणून रतनबाईंनी चष्मा सावरला. पण सगळ्यांचे डोळे त्यांच्या मोरपंखी पैठणीवर. एकीनं तर पदर हातात घेऊन काठ चाचपून पाहिला.

"भावानं घेतलीय," रतनबाई सवयीनं बोलून गेल्या.

"नशीब काढलं बाई तुमी. लई भारी हाय. कितीला पडली असंल?"

रतनबाईंनी पदर हळूच सोडवून घेतला. मघाचं आपलंच भाषण आठवून त्यांना हसू आलं.



"दीड एकराला."