भोकाची नाणी

“भोकं पाडलेली नाणी कोण संग्राहक घेणार?” असं म्हणून गेल्या वर्षी दोब्रिनाची चांदीच्या नाण्यांची माळ परत करणारा प्लोवदिवचा व्यापारी वेल्को आज आपणहून काटा घेऊन तिच्या दारात उभा होता.

“मावशी, चांदी कडाडलीय. वजनावर घेतो. तुझ्या गळक्या छपराचं काम होऊन जाईल.”

“आणि भोकं?”

“सगळं मुशीतच जाणार. वितळल्यावर भोक कुठं दिसतंय?”

दोब्रिनाने माळ गळ्यात घातली.

“ही भोकं माझ्या आईने पाडलीत. बाप एकेक नाणं गुत्त्यावर नेऊन राकिया ढोसायचा. भोकाचं नाणं गुत्तेवाला घेईना, म्हणून एवढी वाचली. माझ्या बापाला पुरून उरलीत ही, वेल्को. तू कोण लागून गेलास?”