शाईतली फुगडी

"अगंबाई, ह्या तर फुगडी घालतायत!" अनसूयाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की क्योतोच्या त्या शांत संग्रहालयातली माणसं वळून बघायला लागली.

समोर जुनं जपानी चित्र होतं. नुसत्या काळ्या शाईत काढलेल्या दोन बायका एकमेकींचे हात धरून, मागे रेलून गरगर फिरत होत्या.

"आई, हळू बोला ना," सून मृण्मयी कुजबुजली. पण तिला बरंही वाटलं. लेकाकडे जपानला आल्यापासून, भाषा येत नाही म्हणून आई घरात गप्प बसून असायच्या.

तेवढ्यात पहाऱ्यावरची पांढऱ्या केसांची बाई खुर्चीवरून उठली आणि सरळ त्यांच्याकडेच आली. आता ही बाहेर काढणार! मृण्मयीला वाटलं. पण त्या बाईनं आधी चित्राकडे बोट दाखवलं, मग अनसूयाबाईंकडे, आणि भुवया उंचावल्या.

अनसूयाबाईंनी पदर खोचला आणि हातांची कात्री करून पुढे केली. "पाय जुळवा. हां, आता रेला मागे."

मराठी तिला कशी कळली देव जाणे! दोघी आधी सावकाश फिरल्या, मग भरभर. एकीनं तोंडानं 'फू फू' सुरू केलं, तर दुसरीनंही केलं. थांबल्या तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून खदाखदा हसत होत्या.

"अगं, भिंती फिरतायत!" अनसूयाबाई धापा टाकत म्हणाल्या. ती जपानीत काहीतरी म्हणाली. बहुधा तेच.

मृण्मयीनं पर्स जमिनीवर ठेवली. "सरका, आता माझी पाळी!"