भिंतीत भोक पाडण्याआधी

नवऱ्याचा फोटो टांगायला बहिणीने वायरमन भावालाच बोलावलं. "दादा, तुझ्याच हाताने लागू दे," असं म्हणून तिने भिंतीवरच्या जागेला बोट लावलं.

वर्षापूर्वी याच भिंतीत ड्रिल चालवताना मेहुणा शॉक लागून गेला होता. "मेन बंद आहे, बिनधास्त चालवा," असं त्याला भावानेच सांगितलं होतं. खरं तर जिना उतरायच्या कंटाळ्याने भावाने मेन बंद केलाच नव्हता. त्याने असं सांगितल्याचं त्याच्याशिवाय फक्त मेहुण्यालाच ठाऊक होतं.

आज मात्र भाऊ ताकही फुंकून पीत होता. त्याने खाली जाऊन मेन बंद केला, फ्यूज उपसून खिशात टाकला आणि बॅटरीवरचं ड्रिल काढलं. मग तार शोधायचं यंत्र भिंतीवरून फिरवायला घेतलं.

यंत्र बोंबलायला लागलं. वर, खाली, खिडकीपाशी, जिथे कधी तारच टाकली नव्हती तिथेही. गप्प झालं ते एकाच जागी, बहिणीने दाखवलेल्या.

तार तर नेमकी तिथूनच गेली होती. त्यानेच टाकलेली.

त्याने खिसा चाचपला. फ्यूज होता. तरीही डोक्यावरचा पंखा संथपणे फिरायला लागला.

"अगं, मेनला कोणी हात लावला?"

बहीण भिंतीला कान लावून उभी होती. तिने डोळे उघडले आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली,

"दादा, हे म्हणतायत, मेन बंद आहे, बिनधास्त चालवा."