मऊ जेवणाचं टेबल

"हे टेबल एकाच माणसाचं?" केटरिंगवाल्या बाईंनी उचललेली खुर्ची हातात तशीच धरून विचारलं.

"हो. मऊ जेवण फक्त आईला," थोरली म्हणाली. "खिडकीजवळ लावा. तिला उजेड आवडतो."

हॉलमधल्या प्रत्येक टेबलावर पुठ्ठ्याची पाटी उभी होती. कमी मीठ. बिनसाखर. कमी तेल. सगळं चालतं. ज्याचं जे पथ्य, त्याचं ते टेबल. म्हणजे वाढणाऱ्यांचा घोटाळा नको आणि कुणी कुणाच्या ताटात हात घालायला नको. थोरलीने नातेवाइकांना फोन करकरून त्यांची दुखणी विचारून घेतली होती. एरवी तब्येत विचारली की तासभर सोडत नाहीत ती माणसं, पण तिने सगळं निमूट ऐकलं होतं. बाईंना ही पाट्यांची कल्पना भलतीच आवडली. त्यांनी मोबाइल काढला. "जाहिरातीत टाकते हं, ताई."

जेवण मावशीच्या निरोपाचं होतं. संध्याकाळच्या विमानाने ती मुलाकडे निघाली होती, कायमची. आणि आई, तिची बहीण, अर्धांगाच्या झटक्यानंतर आज पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. सकाळपासून साडी नेसून बसली होती.

मंडळी आली. मामांनी पाट्या वाचत हॉलभर एक फेरी मारली.

"जेवायला बोलावलंयस की दाखल करून घ्यायला? मी कुठल्या वॉर्डात?"

"कमी मीठ, मामा."

"आणि ही?"

"मामी 'सगळं चालतं'मध्ये."

"वाटलंच."

मामी मात्र पर्स सांभाळत खुशीत निघाल्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणी माझ्या ताटाकडे बघणार नाही," त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. थोरलीही हसली. सगळं मनासारखं चाललं होतं.

मावशीने आत आल्या आल्या आईला शोधलं आणि शेजारच्या टेबलाची एक खुर्ची ओढत थेट खिडकीशी आणली.

"मावशी, तुझं टेबल तिकडे. बिनसाखर."

"मग माझं ताट इकडे आण. मी काय हिच्या वाटीतलं पळवणार आहे?"

"तसं नाही गं." थोरलीने आवाज खाली घेतला. "जेवताना तिला बोलायला लावायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. मागे घरी आली होतीस तेव्हा तू भरवलेला तुकडा तिच्या घशात अडकला. केवढी धावपळ झाली."

मावशीचा चेहरा उतरला. तिने खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली. मग परत येऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवून येते गं. तोवर तुझंही होईल. मग बसू निवांत."

आईने मान हलवली.

थोरली हातात रुमाल घेऊन आईजवळ उभी राहिली. "हळू. गिळलंस? आता पुढचा घोट." आई चमचा उचलत होती, ठेवत होती. बिनसाखर टेबलावर मावशी काहीतरी सांगत होती आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वाकल्या होत्या. एकदम हशा उसळला. आईचा चमचा अधांतरी थांबला.

"काय... सांगतेय?"

"आधी गिळ, आई."

आईने गिळलं. अर्धं सूप वाटीत तसंच ठेवून वाटी बाजूला सरकवली. "पुरे. तिला... बोलाव."

"अगं, तिचं ताट आत्ता कुठे वाढलंय. चार घास खाऊ दे ना तिला."

आईने पुन्हा मान हलवली. थोरलीने दुपारची गोळी काढली, पाण्याचा पेला आईच्या ओठांना लावला. कुठे का असेना, आईची गोळी तिने कधी चुकवली नव्हती.

मावशीचं जेवण संपलं, पण तिला सोडतंय कोण? कमी तेलवाल्यांनी बोलावलं, म्हणून 'सगळं चालतं'वाले रुसले. मामांना बहिणीच्या आठवणी सांगायच्या होत्या, आणि सांगता सांगता ते दोनदा रडले. फोटो झाले. त्यातल्या कुणाचे तरी डोळे मिटलेले आले, म्हणून परत झाले. सगळ्यांतून सुटून मावशी खिडकीशी पोचली तेव्हा आईची मान छातीवर कलली होती.

दारात थोरलीचा धाकटा भाऊ गाडीची किल्ली घेऊन उभा होता. "मावशी, निघायला हवं. रस्त्यात गर्दी असेल."

"उठवते मी," थोरली म्हणाली. "आई. अगं आई, मावशी निघाली." तिने आईचा गाल थोपटला, हात हलवला. आईने डोळे उघडले, दोघींच्या मधे कुठेतरी पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"गोळीची झोप आहे," थोरली म्हणाली. "माझ्या लक्षातच..."

"राहू दे." मावशीने खुर्ची ओढली आणि आईच्या समोर बसली. या वेळी तिला कुणी अडवलं नाही. तिने बाजूला सरकवलेली वाटी पुढ्यात घेतली. सूप केव्हाच गार झालं होतं, वर साय धरली होती. तिने चमचाभर तोंडात घातलं.

"मीठ नाही का गं यात?"

"अगदी नावाला."

"रोज हेच?"

"हो."

मावशीने दुसरा चमचा घेतला. बाहेर धाकट्याने हॉर्न वाजवला. बाई पाट्या गोळा करत फिरत होत्या, त्या खिडकीपर्यंत आल्या आणि मागे वळल्या. मावशी समोरच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत, एकेक घोट नीट गिळत, जेवत राहिली. आणि जेवताना एक शब्दही बोलली नाही.