मोटारीखालचे पाय

आलापल्लीच्या जंगलात आमच्या लहानशा मोटारीचा गेअर घरघरू लागला, तसे हे उतरले आणि गेअरचं तेल पाहायला गाडीखाली शिरले. गुडघ्यापासूनचे पाय तेवढे रस्त्यावर राहिले. तेलाचा डबा मी न बोलता त्यांच्याकडे सरकवला आणि परत गाडीत येऊन बसले.

“तेल लई उतरलं,” हे खालून म्हणाले. “भरतो अन् निघतोच बाहेर.”

तेवढ्यात नाल्यातून वाघ वर आला. रस्त्यावर थांबून त्या पायांकडे पाहत राहिला.

जंगलात त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. घेतलं की तो अंगावर येतो, असं सासूबाई सांगायच्या.

“अवो,” मी हळूच म्हणाले, “पाय आत घ्या जी. ऊन लागते.”

“आभाळ भरून आलं, ऊन कुठचं?” हे हसले.

वाघानं एक पाऊल पुढे टाकलं.

“घ्या ना जी आत.”

“अन् तू बोलून काऊन राह्यली? आज तर सोमवार. दिवस बुडेपर्यंत तुझं मौन असते. तापातबी तू कधी मोडत...”

ते तिथंच थांबले. मग दोन्ही पाय, जराही आवाज न करता, गाडीखाली गेले.