मारुतीच्या कानावर

तापीबाईंच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे पितांबरआप्पांना त्या पहाटेही जाग येताच आठवलं. पत्र आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आलं होतं. आता थंडी पडली, शेतात गहू वर आला, तरी उत्तर गेलं नव्हतं.

पत्र म्हणजे आप्पांकडून नेलेलं पुस्तक परत करताना तापीबाईंनी आत ठेवलेला कागद. 'तुम्ही एकटे, मी एकटी. तुमची भाकरी करपते आणि मला बारीक अक्षर दिसत नाही. मी भाकरी करीन, तुम्ही वाचून दाखवा. लोक म्हणतील ते म्हणू देत. विचार करून कळवा.'

आप्पांनी उत्तर लिहिलं. मग ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, मग मजकूर तपासला, मग स्वतःची लायकी तपासली आणि कागद फाडला. असं किती वेळा झालं ते त्यांनाच ठाऊक. उभा जन्म शहाद्याच्या एका वाचनालयात दुसऱ्यांची वाक्यं वाटण्यात गेला होता. स्वतःचं एक वाक्य मात्र कधी काढता आलं नव्हतं.

आता मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. तापीबाईंचा मुलगा हेमकांत आईला न्यायला सुरतेहून जीप घेऊन आला होता. आदल्या संध्याकाळीच सामान चढवून झालं होतं. शेजारच्या कौसाबाईंनी भिंतीवरून मान काढून ही बातमी दिली होती.

"दुपारले चालनी तापीबाई. आते ती परत येवाव नही," असं म्हणून त्या आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिल्या होत्या. आप्पांनी तोंड फिरवून तुळशीला पाणी घातलं. तुळशीला त्या दिवशी ते तिसऱ्यांदा मिळालं.

आप्पांना एकच आधार होता, रोजच्या प्रार्थनेचा. गणपतीनंतर त्यांच्या हाती एक जुनी पुस्तिका आली होती. देवाजवळ मागू नये, जे मिळालं त्याचे रोज आभार मानावेत, आणि ते मोठ्याने मानावेत, असं तीत लिहिलं होतं. मागायचं नाही हे आप्पांना फारच सोयीचं वाटलं. मोठ्याने बोलायची तेवढी पंचाईत होती, कारण घरात बोलावं तर भिंतीपलीकडे कौसाबाई.

म्हणून ते पहाटे मारुतीच्या देवळात जात. नथ्थू पुजारी भोंग्यावर भूपाळी लावायचा आणि ती संपता संपता सगळं तसंच टाकून म्हैस दोहायला पळायचा. मग देवळात चिटपाखरू नसे. आप्पा चहूकडे बघत, मफलर कानांवरून घट्ट आवळत आणि गाभाऱ्यात मूर्तीपुढे उभे राहत. देवाशी ते पुस्तकी मराठीत बोलत, कारण अहिराणीत कुणी 'आभारी आहे' म्हटल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आवाज छान घुमे. जुन्या बांधणीची देवळं अशीच असतात, असं त्यांना वाटे.

आणि गुण तर असा आला, की काय सांगावं. शांतीलालच्या चहाबद्दल त्यांनी आभार मानले आणि आलं जरा कमी असतं, पण तक्रार नाही, असंही म्हटलं. त्याच दिवशी शांतीलालच्या चहाने त्यांचा घसा जाळला. चंदन न्हाव्याला हलका हात दिलास म्हणून आभार मानले, त्याची बडबड सोसायचं बळ मला दिलंस म्हणूनही मानले. त्या दिवशी चंदनने अख्खी दाढी मुक्याने केली. कौसाबाईंच्या टीव्हीपायी अंगी सहनशक्ती आली, याचेही आभार मानून झाले. टीव्ही गप्प झाला. कौसाबाईही आठवडाभर गप्प झाल्या, पण तो आपलाच काही दोष असावा, असं आप्पांनी धरलं.

देव ऐकतो, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. शंका होती ती स्वतःबद्दल.

त्या पहाटे गाभाऱ्यात त्यांनी मफलर दोनदा आवळला. ब्रह्मचारी मारुतीला असलं काही सांगावं का, हाच पहिला प्रश्न होता. शेवटी डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली.

"मारुतीराया, तापीबाईंना मला विचारावंसं वाटलं, याबद्दल तुझा आभारी आहे. माझा होकार पहिल्या दिवसापासून तयार आहे. सांगायची छाती तेवढी तू दिली नाहीस. पण जे दिलंस त्याचेच आभार मानायचे असतात, म्हणून हे असं."

बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. ते बाहेर आले तर गाव नेहमीपेक्षा लवकर उठलेलं होतं. नळावरच्या बाया त्यांना बघून बोलायच्या थांबल्या. चंदन दुकानाची फळी उघडून उभाच होता.

"आज ते दाढी करनीच पडी, आप्पा. बसा," म्हणाला, आणि ऐकेना.

गुळगुळीत गालांनी आप्पा तापीबाईंच्या घरावरून गेले. बघतात तर हेमकांत जीपमधली ट्रंक खाली उतरवत होता. त्याने आप्पांकडे नीट निरखून पाहिलं, ट्रंक ठेवली आणि वाकून त्यांच्या पाया पडला. हा मुलगा आजवर साधा रामराम घालत नव्हता. आप्पा गोंधळून पुढे सटकले. टायर बसला असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. म्हणजे देवाने आजचा दिवस दिला.

घरी येऊन त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, 'हो. पितांबर.' तपासायला काही नव्हतंच. स्वतः नेऊन द्यायचा विचार त्यांनी केला, पण तापीबाईंच्या दारात उभं राहायचं या कल्पनेनेच तो सोडून दिला. त्यांनी पाकिटावर पत्ता घातला, तिकीट चिकटवलं.

पंचायतीपुढच्या पेटीशी पोस्टमन भिला डाक काढत होता. आप्पांनी त्याची पाठ वळायची वाट पाहिली. ती वळेना. अखेर त्यांनी डोळे मिटून पाकीट पेटीत सोडलं. भिलाने ते लगेच खालून काढलं, पत्ता वाचला आणि हसू दाबत पिशवीत ठेवलं.

"देसू मी, आप्पा, आत्तेच देसू," तो म्हणाला. मग देवळाकडे बोट करून, आपलंच नाव राहिल्यासारखा जरा रुसून पुढे म्हणाला, "पन बठ्ठासनं नाव भोंगावर येई गयं, मन्हं कधी लेशात?"