मयुरीचा पेपर आणि मोहबोडीचं नेट

"गेलं पाहा," मयुरी म्हणाली आणि प्रफुलच्या डोळ्यांदेखत लॅपटॉपवरचं वायफाय विझलं.

नऊ वाजत आले होते. पेपर दहाला होता. नागपूरच्या एका संस्थेची प्रवेश परीक्षा, कॅमेऱ्यासमोर बसून सलग दोन तास. मध्ये तीनदा जोडणी तुटली की पेपर आपोआप बंद. वयाच्या अटीमुळे मयुरीला ही शेवटची संधी होती.

प्रफुल राजुऱ्याच्या कंप्यूटर-दुरुस्तीच्या ऑफिसातला, मयुरीचं नेट बघायला आलेला. लिनक्सचा माणूस अशी त्याची जिल्हाभर ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा काही कमी नव्हता. पण मोहबोडीत पाय ठेवला आणि तोही गप्प झाला. तलावाकाठच्या या ढिवर मासेमारांच्या वस्तीत ना केबल, ना मोबाइलची रेंज. मयुरीनं घरावर उंच बांबू उभारून त्याला ताटाएवढा अँटेना बांधला होता. त्याचं तोंड तलावापलीकडच्या शाळेच्या गच्चीकडे, तिथल्या अँटेनाकडे. मध्ये अर्धा किलोमीटर नुसतं पाणी. एवढ्या पाण्यावरून, काही न दिसता, सगळं जग उडत येऊन या कुडाच्या घरात उतरत होतं. प्रफुलला त्याचं खरोखर नवल वाटलं.

"हे तू एकटीनं केलं?"

"बांबू मुखरूबाबानं उभा करून देल्ला. बाकीचं मी."

मुखरूबाबा दारातच बसला होता. सत्तरीचा, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, पोरीच्या पेपरसाठी सकाळपासून जागा न सोडलेला.

प्रफुलनं लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून भराभर ओळी टाइप केल्या. "हे पाहा बाबाजी, कंप्यूटर सगळं लिहून ठेवते. सात वाजता चांगलं होतं. आठ पन्नासले तुटलं, आता पुन्हा तुटलं. कालही हाच टाइम."

"अन् परवा दिवसभर गेलं नाई," मुखरू म्हणाला. "तुम्ही पाण्याकडं पाह्यलं का?"

"पाण्याचं मंग पाहू, बाबाजी. पहिले वायफायचा ड्रायव्हर पाहू."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. मुखरूनं तलावाकडे बघितलं, मग तो उठला आणि निघाला. मयुरीच्या आईनं, भागीरथाबाईनं, आणलेला चहासुद्धा त्यानं घेतला नाही. म्हातारा कंटाळला असेल, असं प्रफुलला वाटलं.

प्रफुलनं चॅनेल बदलून पाहिलं. तुटलं. ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला. तरी तुटलं. मग एकदम त्याला दुखणं सापडलं. वायफायचं कार्ड वीज वाचवायला मधूनच डुलकी घेत होतं. त्यानं एका ओळीत ती सोय बंद केली.

"आता निजूनच दाखव म्हणा त्याले," तो म्हणाला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. जोडणी तुटली नाही. मयुरीच्या तोंडावर रंग आला. तलावाकडून मघापासून धपाधप आवाज येत होता. पाणी बडवून मासे जाळ्याकडे हाकायची ढिवरांची रीत प्रफुलला ऐकून माहीत होती. यांनाही आजच मुहूर्त सापडला, असं पुटपुटत त्यानं तलावाकडची खिडकी लावून घेतली.

दहाला पाच कमी असताना परीक्षेच्या सॉफ्टवेअरनं लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं. मयुरीनं तसं केलं. पेपर सुरू झाला.

प्रफुल अंगणात बसून बांबूवरच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिला. जोडणी तुटली की तो लाल व्हायचा. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. दिवा हिरवाच. इतक्या वर्षांच्या नोकरीत पाण्यावरून आलेली अशी स्थिर जोडणी त्यानं पाहिली नव्हती. आपल्याच हाताकडे आदरानं बघावं असं त्याला वाटलं, आणि त्यानं एकदा बघूनही घेतलं.

बाराला मयुरी बाहेर आली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "एकदाही नाई तुटलं, भाऊ. पूर्ण सोडवला."

"तुमच्या हाताले यश हाय, भाऊ," भागीरथाबाई म्हणाली आणि तिनं हात जोडले. प्रफुलनं नाही म्हटलं नाही.

ऑफिसला पाठवायला दुरुस्तीचा फोटो हवा होता. डुलकीची सोय बंद आहे ना, हे विचारणारी ओळ त्यानं लॅपटॉपवर टाइप केली, आणि उत्तर वाचून मोबाइल खाली ठेवला. वीज वाचवायची सोय चालू होती. बदल कायमचा करायचं तो विसरला होता, आणि लॅपटॉप पुन्हा सुरू होताच सगळं पूर्वीसारखं झालं होतं. म्हणजे पेपरचे दोन्ही तास कार्ड सकाळसारखंच डुलक्या घेत होतं.

मग नेट टिकलं कसं? कंप्यूटरनं लिहून ठेवलेला सगळा लॉग त्यानं पुन्हा वाचला. काही सापडेना. मशीनपुढे इतकं लहान त्याला कधी वाटलं नव्हतं. डोकं तापलं तसा तो उठून तलावाच्या पाळीवर गेला.

धपाधप अजून चालूच होती. मयुरीच्या बांबूपासून समोरच्या शाळेपर्यंत, सुतानं आखावी तशा एका रेषेत, लहान नावांसारखे अकरा डोंगे उभे होते. वस्तीतले बाप्ये आणि बाया त्यांत उभं राहून बांबूंनी पाणी बडवत होते. वाऱ्याची झुळूकही नव्हती, दोन्हीकडचं पाणी आरशासारखं होतं. फक्त त्या रेषेत लाटा उठत होत्या.

प्रफुल पाण्याजवळ गेला. पाळीपासच्या डोंग्यात मुखरू होता. डोंग्यात ना जाळं, ना मासा. दुसऱ्यात, तिसऱ्यात, कुठंच नाही.

"जाळं कुठी हाय, बाबाजी?"

"जाळं कायले पाह्यजे?" मुखरू म्हणाला. बोलतानाही त्याचा बांबू थांबला नव्हता. "पाणी निजलं का नेट जाते. परवा लाटा होत्या तं गेलं नाई. पोरीचा पेपर झाला का? झाला असन तं थांबतो आता."